दोन याद्यांत सामायिक कोण? डेअरीच्या वहीवरून पायथॉन

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली की थोड्याच दिवसांत एक गणित हमखास पुढ्यात येतं: दोन याद्या दिल्या आहेत, दोन्हींत असलेल्या गोष्टी शोधा. पुस्तकात ते आंबा, केळी, सफरचंद घेऊन सोडवलेलं असतं. चार ओळींत उत्तर येतं आणि पोरं पुढच्या धड्याला लागतात. मग कधीतरी गावातली खरीखुरी यादी हाती येते, आणि तोच चार ओळींचा प्रोग्राम रिकामं उत्तर देतो. एरर नाही, तक्रार नाही, नुसता रिकामा कंस.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तर हे जास्तच होतं. दहावीपर्यंत शाळा मराठी, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) विज्ञान घेतलं की पुस्तकं इंग्रजी, आणि रेशनकार्ड कन्नडमध्ये. एकाच माणसाचं नाव तीन लिपींत आणि पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. म्हणून माझं सांगणं असं, की कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: दोन नोंदी ‘एकच’ आहेत हे कशावरून म्हणायचं? क्रमांकावरून, नावावरून, की फोन नंबरावरून? ते ठरलं की कोड अगदीच सोपा आहे. ते ठरलेलं नसेल तर कितीही हुशारीने लिहिलेला कोड वाया जातो.

उदाहरण गावातल्या दूध डेअरीचं घेऊ. सकाळी दूध घालणाऱ्यांची एक यादी, सांजेला घालणाऱ्यांची दुसरी. समजा सोसायटीने ठरवलं, की दोन्ही वेळा दूध घालणाऱ्यांना पशुखाद्याची पोती आधी द्यायची. सेक्रेटरी काकांना दोन्ही याद्यांत असलेले सभासद हवे आहेत.

सुरू करण्याआधी कोड कसा वाचायचा ते सांगतो. खालच्या ओळी सलग वाचता याव्यात म्हणून फॉर, इन, इफ, नॉट, सेट, अपेंड, प्रिंट हे शब्दही मी देवनागरीतच लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन अक्षरांत, सगळी छोटी अक्षरं घेऊन लिहायचे. कोडमधले आकडेही इंग्रजी अंकांत टाकायचे; कोडमध्ये थेट १२ असं देवनागरीत लिहिलं तर पायथॉन सिंटॅक्स एरर देतो. व्हेरिएबलची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवता येतात. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ पासून ‘सकाळ’, ‘सांज’, ‘उत्तर’ ही नावं चालतात. घरी सराव करताना खुशाल तशी ठेवा. कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवू नका. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय बेळगावात असलं म्हणून काय झालं, मंगळूरहून आलेल्या परीक्षकांना ‘सांज’ वाचता येईलच असं नाही.

लॅपटॉप नसेल तर अडू नका. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालतं, नाहीतर ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. यातलं सगळं तिथे होतं.

पहिली पायरी: याद्या मांडा

सकाळ = [१२, ७, ३१, ७, ४५, ३]
सांज = [४५, १२, १८, ७, ६०]

हे सभासद क्रमांक आहेत, ज्या क्रमाने माणसं रांगेत आली त्याच क्रमाने. सकाळच्या यादीत ७ दोनदा दिसतोय, ती चूक नाही. सात नंबरवाल्याकडे गाय आहे आणि म्हैसही. दोन किटल्या, दोन फॅट, दोन नोंदी. खऱ्या यादीत अशी पुनरावृत्ती असतेच, आणि आंबा-केळीच्या उदाहरणात नेमकी तीच नसते.

आता संगणक बंद ठेवा आणि बोटाने उत्तर काढा: १२, ७, ४५. हे कागदावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक पद्धतीचा ताळा याच उत्तराशी करायचा आहे.

दुसरी पायरी: लूपमध्ये लूप

डोक्यात पहिल्यांदा येणारी पद्धत अशी. सकाळचा एक क्रमांक घ्यायचा, सांजेच्या प्रत्येक क्रमांकाशी लावून बघायचा, जुळला तर टिपून ठेवायचा. मग सकाळचा पुढचा.

उत्तर = []
फॉर क इन सकाळ:
    फॉर ख इन सांज:
        इफ क == ख:
            उत्तर.अपेंड(क)
प्रिंट(उत्तर)

येणारं उत्तर: [१२, ७, ७, ४५]. सात दोनदा आला, कारण सकाळच्या यादीत तो दोनदा होता. सांजेलाही त्याने दोन किटल्या आणल्या असत्या तर सात चारदा आला असता. दोन वेळा बाहेरचा लूप, आणि त्या प्रत्येक वेळी आतला दोनदा जुळणार. पोती वाटायच्या यादीत एकाच घराला चार पोती गेली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, ‘==’ च्या जागी एकच ‘=’ टाकणं; त्यावर पायथॉन लगेच ओरडतो, म्हणून ती चूक निरुपद्रवी. दोन, शेवटची प्रिंटची ओळ चुकून लूपच्या आत सरकणं. मग अर्धवट उत्तरं एकाखाली एक पडत राहतात. तीन, आतल्या इफला एल्स जोडून ‘सापडला नाही’ असं छापणं. हे सगळ्यांत फसवं. बारा नंबर सांजेच्या यादीत दुसऱ्या जागी आहे. पहिल्या जागेवरच्या ४५ शी तो जुळत नाही, म्हणून लगेच ‘सापडला नाही’ छापलं जातं, आणि पुढच्याच फेरीत तो सापडतो. एखादी गोष्ट यादीत नाही, हे पूर्ण यादी संपल्यावरच म्हणता येतं.

तिसरी पायरी: आतला लूप ‘इन’ वर सोपवा

उत्तर = []
फॉर क इन सकाळ:
    इफ क इन सांज अँड क नॉट इन उत्तर:
        उत्तर.अपेंड(क)

आता [१२, ७, ४५]. कागदावरच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं, सकाळच्या रांगेचा क्रमही टिकला. शे-दोनशे सभासदांच्या डेअरीला एवढा कोड पुरे आहे. मी नवख्यांना आधी हाच पाठ करायला सांगतो, कारण यातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली तरी अर्थ लागतो: क सांजेत असेल आणि अजून उत्तरात नसेल, तर उत्तरात घाल.

‘अँड’ हा शब्द आलाच आहे तर एक सांगून टाकतो. ‘सकाळ अँड सांज’ असं सरळ लिहून बघायचा मोह बऱ्याच जणांना होतो. वाचायला ते ‘सकाळी आणि सांजेला’ असंच वाटतं ना! पायथॉन एररही देत नाही. पण उत्तर म्हणून सांजेची अख्खी यादी परत देतो, १८ आणि ६० सकट. पहिली यादी रिकामी नसेल तर दुसरी जशीच्या तशी परत करायची, एवढंच तिथे ‘अँड’ करतो. उत्तरात १२, ७, ४५ दिसतात म्हणून घाईत असलेल्याला ते बरोबरच वाटतं.

दुसरा मोह म्हणजे सकाळच्याच यादीतून न जुळणारे काढून टाकणं. लूप सकाळवरच फिरतोय आणि आत ‘सकाळ.रिमूव्ह(क)’ चालू आहे. आपल्या यादीवर हे चालवलं तर सात दोनदा राहतो तेवढं सोडून उत्तर ठीक येतं, पण ते निव्वळ नशिबाने. ३१ आणि ३ शेजारी शेजारी असते तर ३१ काढल्यावर ३ त्याच्या जागी सरकला असता, लूप मात्र पुढच्या जागेवर गेला असता, आणि ३ न तपासताच यादीत राहिला असता. ज्या यादीवरून फिरताय तिला हात लावायचा नाही, उत्तरासाठी नवी यादी घ्यायची.

चौथी पायरी: संच

शाळेत संच शिकलोय आपण सगळे. दोन गोल, मधला भाग तिरप्या रेघांनी रंगवलेला, खाली लिहिलेलं ‘छेद’. इथे त्याचाच उपयोग.

सामायिक = सेट(सकाळ) & सेट(सांज)

एवढंच. ‘&’ या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना सेट हवा; नुसत्या याद्या ठेवल्या तर टाइप एरर येतो. चिन्ह नको असेल तर ‘सेट(सकाळ).इंटरसेक्शन(सांज)’ लिहा, तिथे कंसातली दुसरी बाजू यादी असली तरी चालते.

हे जलद का, ते समजून घेण्यासारखं आहे. यादीत ‘इन’ विचारलं की पायथॉन पहिल्या जागेपासून एकेक बघत जातो. संचात प्रत्येक गोष्टीपासून एक आकडा काढलेला असतो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्यावरून ती गोष्ट कुठे ठेवायची ते ठरतं. मग शोधतानाही थेट तिथेच जायचं. पत्ता ठाऊक असलेला पोस्टमन गणपत गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावत जात नाही, तसं. आपल्या सहा आणि पाचच्या याद्यांत लूपमधल्या लूपने ३० तुलना होतात. त्याने काही बिघडत नाही. पण तालुक्यातल्या सगळ्या सोसायट्या एकत्र करून वीस-वीस हजारांच्या दोन याद्या झाल्या, तर तुलना ४० कोटींवर जातात. संचाला एकूण चाळीसेक हजार नोंदींवरून एकदा फिरलं की पुरतं.

संच दोन गोष्टी आपल्याकडून काढून घेतो: पुनरावृत्ती आणि क्रम. पुनरावृत्ती गेली ते बरंच झालं. क्रमाचं मात्र लक्षात ठेवा. छापल्यावर १२, ४५, ७ असं काहीतरी दिसेल, ना रांगेचा क्रम ना चढता. छोटे आकडे कधीकधी ओळीने लागलेले दिसतात आणि मुलांचा समज होतो की संच आपोआप लावून देतो. नाही देत. नावांचा संच करून प्रोग्राम दोनदा चालवा, दोन्ही वेळा क्रम वेगळा दिसू शकतो. मजकुराचे हॅश पायथॉन ३.३ पासून दर वेळी मुद्दाम बदलले जातात. चढता क्रम हवा तर ‘सॉर्टेड(सामायिक)’ म्हणा. रांगेचाच क्रम हवा असेल तर असं:

सांजसंच = सेट(सांज)
उत्तर = [क फॉर क इन सकाळ इफ क इन सांजसंच]

सांजसंच वेगळ्या ओळीत केलाय तो मुद्दाम. ‘इफ क इन सेट(सांज)’ असं आतच लिहिलं तर प्रत्येक क्रमांकासाठी तो संच नव्याने बांधला जातो आणि वेग मिळवायला गेलो तिथेच घालवून बसतो. शिवाय या पद्धतीत सात पुन्हा दोनदा येईल, कारण फिरतोय आपण यादीवरूनच. नको असेल तर तिसऱ्या पायरीतला लूपच घ्या, फक्त ‘इन सांज’ च्या जागी ‘इन सांजसंच’ लिहा.

रिकामा संच ‘सेट()’ असा करायचा. नुसते महिरपी कंस टाकले तर डिक्शनरी तयार होते. परीक्षेत हा एक मार्क हमखास जातो.

संच हाती आले की बाकीचे प्रश्न फुकटात सुटतात. ‘सेट(सकाळ) - सेट(सांज)’ म्हणजे फक्त सकाळी घालणारे, आपल्या यादीत ३ आणि ३१. मधे उभी रेघ ‘|’ टाकली की दोन्ही मिळून सगळे, गणितातला संयोग. कुणीच सामायिक नाही ना, एवढंच हो-नाही हवं असेल तर ‘इजडिसजॉइंट’. किटल्यांची संख्याही जुळवायची असेल, म्हणजे सकाळी दोन आणि सांजेला एक तर सामायिक एक, तर कलेक्शन्स मोड्यूलमधला काउंटर आणा. त्याचं पहिलं अक्षर मोठं असतं, आणि त्यालाही ‘&’ चालतो.

मधेच: दोन बोटांची पद्धत

हिची गरज रोज पडत नाही, पण मुलाखतीत विचारतात, आणि मला स्वतःला ती संचापेक्षा जास्त आवडते. दोन्ही वह्या क्रमांकाने लावलेल्या आहेत असं धरा:

सकाळ: ३, ७, ७, १२, ३१, ४५
सांज: ७, १२, १८, ४५, ६०

डावं बोट सकाळच्या पहिल्या आकड्यावर, उजवं सांजेच्या. आकडे सारखे असतील तर टिपा आणि दोन्ही बोटं पुढे सरकवा. नसतील तर लहान आकड्यावरचं बोट पुढे. ३ लहान, डावं सरकलं. ७ आणि ७, टिपला, दोन्ही सरकली. आता ७ आणि १२, डावं सरकलं. १२ आणि १२, टिपला. ३१ आणि १८, आता उजवं सरकलं. ३१ आणि ४५, डावं. ४५ आणि ४५, टिपला. डावी वही संपली, काम संपलं. सात तुलनांत उत्तर, तीसच्या जागी, आणि दुसरा सात आपोआप गळाला.

जुने हिशेबनीस दोन खतावण्यांचा मेळ असाच घालत. कोडमध्ये लिहायला दोन व्हेरिएबल आणि एक व्हाइल लूप लागतो. तो तुम्हीच लिहून बघा, वरची चाल ओळीने मांडलेलीच आहे.

पाचवी पायरी: वहीतून संगणकात येताना

आतापर्यंत आकडे आपण हाताने टाइप केले. खऱ्या कामात ते फाइलमधून येतात, आणि फाइलमधून किंवा ‘इनपुट’ मधून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते. "१२" हा मजकूर आणि १२ हा आकडा पायथॉनच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक यादी हाताने टाकलेली, दुसरी फाइलमधून वाचलेली, असं झालं की छेद रिकामा येतो. सुरुवातीला म्हटलेला रिकामा कंस बहुतेक वेळा इथूनच येतो.

उपाय ‘इंट’. आणि हा इंट आपल्या भागासाठी जणू मुद्दाम केलाय. कोडमध्ये देवनागरी आकडा चालत नाही हे वर सांगितलं. पण अवतरणातला मजकूर इंटला दिला, तर तो इंग्रजी अंकांतला १२ वाचतो, देवनागरीतला वाचतो आणि कन्नड अंकांतलाही वाचतो. तिन्हींचं उत्तर एकच. सकाळची वही मराठी अंकांत आणि सांजेची कन्नड अंकांत टाइप केलेली असली तरी इंट लावल्यावर दोन्ही जुळतात. आजूबाजूची मोकळी जागा तो सोडून देतो, "००७" चा ७ करतो. मात्र "७/अ" किंवा रिकामी ओळ दिली तर व्हॅल्यू एरर देऊन थांबतो. थांबतो ते चांगलंच. अशी ओळ माणसानेच बघायला हवी.

फोन नंबरांना इंट लावू नका. ते मजकूरच ठेवा, मधल्या मोकळ्या जागा आणि रेघा काढा, आणि शेवटचे दहा अंक जुळवा. कुणी आधी ९१ लावतं, कुणी शून्य.

फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवली असेल तर तिच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण येते. फाइलमधली पहिलीच नोंद नाव असेल तर ते एक नाव कधीच जुळत नाही, बाकी सगळी जुळतात. बघणारा त्या पहिल्या नावाचं स्पेलिंग दहा वेळा तपासतो, आणि स्पेलिंग तर बरोबरच असतं. फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" सांगा, ती खूण गळून पडते. विंडोजवर एन्कोडिंग न सांगता मराठी फाइल उघडूच नका, अक्षरांचा चुराडा होऊ शकतो.

सहावी पायरी: नावं जुळवायची वेळ आली तर

पहिला सल्ला, टाळा. सभासद क्रमांक, हजेरी क्रमांक, फोन नंबर, जे मिळेल त्यावर जुळवा आणि नाव फक्त छापायला वापरा. त्यासाठी यादीऐवजी डिक्शनरी घ्या, क्रमांक ही की आणि नाव ही व्हॅल्यू. दोन डिक्शनऱ्यांच्या ‘कीज()’ मध्येही सरळ ‘&’ टाकता येतो. नावावर जुळवण्यात दुहेरी धोका आहे. एकच माणूस दोन स्पेलिंगांमुळे सुटतो, हे तर आहेच. उलटही होतं. येळ्ळूरसारख्या मोठ्या गावात मारुती पाटील किती निघतील ते विचारून बघा. सकाळी दूध घालणारा एक मारुती पाटील, सांजेला दुसराच. प्रोग्राम म्हणतो सामायिक. सुटलेला माणूस स्वतः येऊन भांडतो. चुकून जुळलेला गप्प पोतं घेऊन जातो.

क्रमांक नसेलच तर नाव, वडिलांचं नाव आणि गल्ली अशा तिन्हींचं मिळून एक टपल करा. टपल साध्या कंसात लिहितात आणि ते संचात ठेवता येतं. चौकोनी कंसातली यादी संचात घालायला गेलात तर ‘अनहॅशेबल’ म्हणून टाइप एरर येईल.

आता मराठी नावांची खास गोम. ‘कऱ्हाडकर’ किंवा ‘कुऱ्हाडे’ यातला ऱ्ह संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर म्हणून येतं. दुसरा कीबोर्ड र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, असे दोन तुकडे टाकतो. तिसरा र, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डोळ्यांना फरक कळत नाही, आणि ‘==’ मात्र नाही म्हणतो. खात्री करायची तर लांबी मोजा: ‘कऱ्हाड’ ची ‘लेन’ पहिल्या तऱ्हेने ६ येते, बाकीच्या दोन्हींनी ७. किंवा ते नाव यादीत ठेवून अख्खी यादी छापा. अदृश्य जोडचिन्ह असेल तर ते तिथे उलट्या तिरक्या रेघेच्या सांकेतिक रूपात उघडं पडतं.

यासाठी एक छोटं फंक्शन करून ठेवा:

डेफ नीट(नाव):
    नाव = नाव.रिप्लेस("र्" + सीएचआर(८२०५), "ऱ्")
    नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइज("एनएफसी", नाव)
    रिटर्न " ".जॉइन(नाव.स्प्लिट())

वर ‘इम्पोर्ट युनिकोडडेटा’ लागेल, आणि एनएफसी ही तीन अक्षरं मोठ्या लिपीत. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाला युनिकोड म्हणतात; ८२०५ हा त्यातला त्या अदृश्य जोडचिन्हाचा क्रमांक. पहिली ओळ तिसऱ्या तऱ्हेचा ऱ सरळ करते, दुसरी नुक्त्याचा, आणि तिसरी नावाच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढून मधल्या दोन-तीन जागांची एक करते. पहिल्या दोन ओळींचा क्रम बदलू नका. पहिल्या ओळीतला ऱ तुमच्याच कीबोर्डने नुक्त्यासकट टाकला असेल, तर तो सावरायला दुसरी ओळ नंतर हवी. दोन्ही याद्या या फंक्शनमधून काढा आणि मगच संच करा. एकच यादी नीट केली तर काहीच उपयोग नाही.

‘गाव’ आणि ‘गांव’, ‘यल्लाप्पा’ आणि ‘यल्लप्पा’ यांचं काय? ते कुठलंही फंक्शन ठरवणार नाही. ती दोन खरोखर वेगळी स्पेलिंगं आहेत. तिथे तक्ता लागतो.

सातवी पायरी: तक्ता, आणि कन्नड यादी

गावांची नावं घ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या इंग्रजी याद्यांत स्पेलिंगच वेगळं. मराठीत कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगांव, कुणी बेळगावी. एक डिक्शनरी करा, डावीकडे सापडलेली प्रत्येक तऱ्हा, उजवीकडे तुम्ही ठरवलेलं एकच रूप:

तक्ता = {"बेळगांव": "बेळगाव", "बेळगावी": "बेळगाव", "निप्पाणी": "निपाणी"}
गाव = तक्ता.गेट(गाव, गाव)

‘गेट’ मध्ये गाव दोनदा आहे ते असं: तक्त्यात असेल तर ठरवलेलं रूप घे, नसेल तर आहे तेच राहू दे.

दुसरी यादी कन्नड लिपीत असेल तर? इथे एक गंमत आहे. भारतीय लिपींसाठीच्या इस्की या मानकावरून युनिकोडने या लिपींची मांडणी उचलली, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड अक्षरं एकाच क्रमाने बसवलेली आहेत. देवनागरी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. बहुतेक सगळ्या अक्षरांना हाच फरक. म्हणजे कन्नड नावातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले, की ते देवनागरीत वाचता येतं. क्रमांक काढायला ओआरडी, क्रमांकावरून अक्षर करायला सीएचआर. अर्ध्या तासाचा छान सराव आहे, जरूर करा.

पण त्यावर थेट जुळणी करायला जाऊ नका. कन्नडमधलं खानापूर उलटवलं की ‘खानापुर’ येतं, निपाणीचं ‘निप्पाणि’, आणि बेळगावीतला ब ऱ्हस्व ए घेऊन येतो, जो मराठीत आपण लिहीतच नाही. वाचायला सोपं झालं, जुळलं मात्र नाही. हे उलटवलेलं रूप तक्त्याच्या डाव्या बाजूला घालायला कामी येतं, तेवढाच त्याचा उपयोग.

जुन्या डीटीपी फाइलींचं आणखी वेगळं. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर पायथॉनला रोमन अक्षरांची खिचडी म्हणून दिसतो, कारण मराठी किंवा कन्नड फक्त फॉन्टमध्ये होतं, साठवलेल्या मजकुरात नव्हतं. ती फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

शेवटी तपासणी. सामायिकांची संख्या दोन्ही संचांपैकी लहान संचापेक्षा जास्त येऊच शकत नाही. आली तर कुठेतरी पुनरावृत्ती शिरली आहे. एक यादी रिकामी ठेवून चालवा, उत्तर रिकामं यायला हवं. तीच यादी दोन्हीकडे देऊन चालवा, सगळे यायला हवेत. मग न जुळलेल्यांच्या दोन्ही बाजू, फक्त सकाळचे आणि फक्त सांजेचे, सॉर्ट करून शेजारी शेजारी छापा आणि पेन घेऊन वाचा. ‘यल्लाप्पा’ एकीकडे आणि ‘यल्लप्पा’ दुसरीकडे, अशा जोड्या तिथेच नजरेत भरतात. एकच माणूस आहे की दोन, ते सेक्रेटरी काकांना विचारा, आणि एकच असेल तर तक्त्यात एक ओळ वाढवा. मूळ फाइलमधलं स्पेलिंग बदलू नका. उद्या कुणी वही उघडून विचारलं तर वहीत जे आहे तेच फाइलमध्ये दिसायला हवं. तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला की पुढच्या महिन्याच्या यादीलाही तोच चालतो.